ट्राम कोणी बंद केली? दादर टीटी ते झुरिक

हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी लिहून काढलाय. बोलताना मी दर दोन वाक्यांमागे ‘म्हणजे बघा’ म्हणतो, ते जमेल तितकं गाळलंय. राहिलं असेल तिथे सांभाळून घ्या.

दादरला पूर्वेला उतरून टॅक्सीवाल्याला नुसतं ‘टीटी’ म्हटलं तरी तो योग्य जागी नेतो. खोदादाद सर्कल म्हटलं तर दोन सेकंद विचार करतो. पण टीटी म्हणजे काय? इंजिनिअरिंग होऊन नोकरीला लागेपर्यंत मला माहीत नव्हतं. मला वाटायचं रेल्वेचं काहीतरी असेल, टीसीचा भाऊबंद. एकदा आजोबांनी अगदी सहज सांगितलं, ‘अरे, ट्राम टर्मिनस.’ ट्राम जाऊन साठ वर्षं झाली, पण कंडक्टर अजून ‘टीटी, टीटी’ ओरडतोय.

आजोबा नायगावला राहायचे आणि लालबागच्या एका मिलमध्ये साच्यांवर काम करायचे. दादरहून परळ, लालबाग, भायखळ्यावरून खाली फोर्टकडे जाणारी ट्राम त्यांची रोजची. मी विचारलं, शेवटच्या ट्रामला गर्दी झाली होती म्हणे, तुम्ही गेला होतात का? तर म्हणाले, ‘सेकंड पाळी होती. साच्यांच्या खडखडाटात ट्रामची घंटा काय ऐकू येणार? सुटलो तेव्हा रस्त्यात रूळ तेवढे चमकत होते.’

आता ट्रामच्या आधी माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय मी या विषयात का शिरलो ते कळणार नाही.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे एका क्लायंटची जुनी सिस्टिम बंद करायचं काम आलं. छोटे दुकानदार साध्या एसएमएसवरून मालाची ऑर्डर द्यायचे, ती सिस्टिम. नवीन ॲप तयार होतं. जुनी सिस्टिम किती जण वापरतात, याचा आलेख मीच काढला. रेघ सरळ खाली जात होती. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या आणि एका शुक्रवारी रात्री आम्ही ती बंद केली. सोमवारी फोन सुरू झाले. लहान गावांतली माणसं, हातात बटणांचा फोन, ॲप टाकायचं कशात? तेव्हा टीममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला एवढंच विचारलं, ‘या सिस्टिमची शेवटची दुरुस्ती कधी झाली होती?’ मी जुने लॉग काढून बघितले. आम्ही जवळजवळ तीन वर्षं तिला हात लावला नव्हता. कित्येक मेसेज मध्येच गळत होते. लोकांनी सिस्टिम सोडली, कारण आम्ही ती आधीच सोडली होती. माझा आलेख खरा होता. मी त्याचा अर्थ उलटा लावला होता.

ट्रामचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा शहरामागून शहरात मला तोच आलेख दिसायला लागला.

मुंबईपासून सुरू करू. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत, दुसरा बोरीबंदर ते पायधुणी. चालवणारी कंपनी अमेरिकन होती, स्टर्न्स अँड किट्रेज. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे, आणि सुरुवातीला तिकीट हा प्रकारच नव्हता. पैसे द्या आणि बसा. मग लोक पैसे न देताच बसायला लागले, म्हणून तिकीट आलं. (फुकट्या प्रवाशांमुळे तिकिटाचा जन्म झाला हे मला फार आवडलं.) १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली, म्हणजे आपली बेस्ट, आणि ७ मे १९०७ रोजी विजेवरची ट्राम धावली. १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. बस आली १९२६ च्या जुलैमध्ये, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. म्हणजे बेस्टच्या घरात ट्राम थोरली आणि बस धाकटी. ऑगस्ट १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या साधारण आठवडाभर आधी, ही कंपनी महापालिकेच्या ताब्यात आली.

आणि ३१ मार्च १९६४ रोजी रात्री दहा वाजता बोरीबंदरहून शेवटची ट्राम दादरकडे निघाली. रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी होती.

कारणं नेहमीची सांगतात. रस्ते अरुंद, मोटारी वाढल्या, ट्राम मध्येच उभी राहिली की सगळं अडतं, तोटा होतो. यातलं काहीही खोटं नाही. पण या यादीत एक गोष्ट राहून जाते. ट्राम ही बससारखी नसते. बस जुनी झाली की एक बस बदलायची. ट्रामचे डबे पन्नास वर्षं रेटता येतात, पण रूळ झिजतात, वरची तार झिजते, आणि ते बदलायचं म्हणजे सगळा रस्ता उकरायचा. हा खर्च दरवर्षी थोडाथोडा येत नाही. पंचवीस-तीस वर्षांनी एकदम अंगावर येतो. त्यात दुसरं महायुद्ध आलं. पोलाद नाही, माणसं नाहीत, पेट्रोलची टंचाई म्हणून ट्रामला गर्दी मात्र तुफान. जगभरच्या शहरांनी ही सहा वर्षं आपल्या ट्राम पिळून घेतल्या. १९४५ नंतर जेव्हा बिल समोर आलं, तेव्हा प्रत्येक शहरापुढे एकच प्रश्न होता: पुन्हा एकदा रूळ टाकायचे, की उखडायचे?

त्या क्षणी कोणाला विचारलं गेलं, यावर पुढचं सगळं ठरलं. असं माझं मत आहे. आता चार शहरं बघू.

पहिलं लॉस एंजेलिस. मोटारींचं शहर म्हणून आपण ज्याचं नाव घेतो, त्या शहरात एके काळी पॅसिफिक इलेक्ट्रिक नावाच्या कंपनीचं हजार मैलांहून मोठं विजेच्या गाड्यांचं जाळं होतं. हेन्री हंटिंग्टन नावाच्या उद्योगपतीने १९०१ साली ती सुरू केली. पण हंटिंग्टनला पैसे तिकिटातून मिळवायचेच नव्हते. तो ओसाड जमीन घ्यायचा, तिथपर्यंत गाडी न्यायचा आणि मग प्लॉट पाडून विकायचा. आपल्याकडे ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ अशा जाहिराती असतात ना, तोच धंदा, फक्त इथे बिल्डर स्टेशनही स्वतःच बांधत होता. प्लॉट विकून झाले की रुळांची निगा राखण्यात कंपनीचा फायदा काय उरला? काहीच नाही. त्यात अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत ट्राम कंपन्यांवर अशी अट असायची की रुळांमधला रस्ता त्यांनीच दुरुस्त ठेवायचा. मोटारवाले त्याच रस्त्यावरून फुकट जाणार आणि ट्रामला अडवणार.

इथे एक प्रसिद्ध कथा येते. जनरल मोटर्सने कट करून अमेरिकेच्या ट्राम मारल्या. १९८८ च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ सिनेमाने ती घरोघरी पोचवली. त्यात तथ्य आहेच. जनरल मोटर्स, टायर आणि तेल कंपन्यांचा पैसा असलेल्या नॅशनल सिटी लाइन्स या कंपनीने अनेक शहरांच्या ट्राम कंपन्या विकत घेतल्या. १९४५ मध्ये लॉस एंजेलिसची एक कंपनीही घेतली. १९४९ मध्ये त्या सगळ्यांना कोर्टात दोषी ठरवलं गेलं, पण ते बस आणि बसच्या मालाच्या विक्रीत मक्तेदारीचा कट केल्याबद्दल. शहरांची वाहतूकच गिळायचा कट केल्याचा दुसरा आरोप होता, त्यातून ते सुटले. दंड? कंपन्यांना प्रत्येकी पाच हजार डॉलर आणि अधिकाऱ्यांना प्रत्येकी एक डॉलर. हो, एक.

पण माझ्यासारख्या कटकथा आवडणाऱ्या माणसाची इथे पंचाईत होते. पॅसिफिक इलेक्ट्रिक नॅशनल सिटी लाइन्सच्या हातात कधी गेलीच नाही. शिवाय १९५८ साली दोन्ही जाळी सरकारी संस्थेकडे आली, आणि शेवटच्या गाड्या बंद केल्या त्या याच संस्थेने. लाँग बीचची शेवटची गाडी एप्रिल १९६१ मध्ये गेली. शहरातल्या ट्राम ३१ मार्च १९६३ ला थांबल्या. मुंबईच्या बरोबर एक वर्ष आधी, तारीखही तीच. (आपल्याकडे ३१ मार्च म्हणजे हिशेबाचं वर्ष मिटवायचा दिवस, त्यांच्याकडे काय होतं कोण जाणे.) मुंबईतसुद्धा बघा, ट्राम आणली खासगी अमेरिकन कंपनीने आणि बंद केली आपल्याच महापालिकेच्या उपक्रमाने. खलनायक शोधायला गेलं की हिशेबाची वही सापडते.

पुढे काय झालं? १९९० मध्ये लॉस एंजेलिस ते लाँग बीच पुन्हा विजेची गाडी सुरू झाली. बऱ्याच अंतरावर जुन्या पॅसिफिक इलेक्ट्रिकच्याच वाटेवरून. एकोणतीस वर्षांनी.

आता ऑस्ट्रेलिया. कंपनीच्या कामासाठी मी पाच महिने मेलबर्नला होतो, त्यामुळे इथे थोडा रेंगाळणार आहे. पहिल्याच आठवड्यात सकाळी सात अंश तापमानात मी ट्रामच्या थांब्यावर कुडकुडत उभा होतो, आणि समोरून ट्राम आली ती आजोबांच्या गोष्टीतल्यासारखी घंटा वाजवत. मी तिचा व्हिडिओ काढून घरी पाठवला. आजोबांनी व्हॉट्सॲपवर विचारलं, ‘तिकडे अजून चालू आहे?’

एकाच देशातली दोन शहरं, सिडनी आणि मेलबर्न. युद्ध संपलं तेव्हा सिडनीचं ट्रामचं जाळं जगातल्या मोठ्या जाळ्यांपैकी होतं, वर्षाला चाळीस कोटींच्या घरात फेऱ्या व्हायच्या. बाहेरून तज्ज्ञ बोलावले, त्यांनी सांगितलं, बस आणा. २५ फेब्रुवारी १९६१ रोजी सिडनीची शेवटची ट्राम गेली. शेकडो डबे रँडविकच्या कारखान्यात नेऊन चक्क जाळले.

मेलबर्नमध्ये तसं का झालं नाही? एक कारण सरळ आहे: तिथले मध्यवर्ती रस्ते १८३७ मध्येच जवळजवळ तीस मीटर रुंद आखलेले. दुसरं कारण, तिथल्या ट्राम कामगारांची युनियन भक्कम होती आणि बस आणून माणसं कमी करायला तिचा विरोध होता. आणि तिसरं कारण म्हणजे रॉबर्ट रिसन. हा माणूस लष्करातला इंजिनिअर, युद्धात उत्तर आफ्रिकेत लढून आलेला. १९४९ ते १९७० अशी एकवीस वर्षं तो मेलबर्नच्या ट्राम मंडळाचा अध्यक्ष होता. वर्तमानपत्रं आणि मोटारवाले त्याच्यावर तुटून पडायचे की हा जुनाट माणूस शहराला मागे ठेवतोय. तो काय करत होता? दुरुस्ती. वर्षामागून वर्ष रूळ नवे करत होता, आणि ते काँक्रीटमध्ये पक्के बसवत होता. असं म्हणतात की त्यामागे त्याचा डावही होता. जे उखडायलाच महाग पडेल, ते उखडा म्हणायला पुढच्या माणसाची जीभ रेटणार नाही. कोड लिहिणाऱ्यांनो, ही युक्ती ओळखीची वाटते का?

माझी सगळ्यात आवडती गोष्ट बर्क स्ट्रीटची. तिथली केबलवर ओढली जाणारी जुनी ट्राम १९४० मध्ये बंद करून दुमजली बस सुरू केल्या होत्या. म्हणजे बदल झालेला होता, विषय संपला होता. रिसनच्या काळात, १९५५ मध्ये, त्या बस काढून तिथे विजेची ट्राम घातली. बाकीचं जग रूळ उखडत असताना! पुढच्याच वर्षी मेलबर्नला ऑलिंपिक झालं. आज मेलबर्नचं सुमारे अडीचशे किलोमीटरचं जाळं जगात सर्वांत मोठं मानलं जातं. आणि सिडनीने? डिसेंबर २०१९ मध्ये शहराच्या मधोमध जॉर्ज स्ट्रीटवर पुन्हा रूळ टाकून गाडी सुरू केली. खर्च जवळपास तीन अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर. जे फुकटात हाताशी होतं ते साठ वर्षांनी विकत घेतलं.

पण रिसनच्या गोष्टीत मला एक खुपतं. समजा त्या खुर्चीत दुसरा कोणी असता तर? शहराची वाहतूक एका हट्टी माणसाच्या भरवशावर असणं ही काही पद्धत नाही. म्हणून चौथं शहर, झुरिक. तिथे मी गेलेलो नाही, जे सांगतोय ते वाचून.

झुरिकमध्येही १९५० च्या दशकात तज्ज्ञांचं तेच म्हणणं होतं. ट्राम मोटारींच्या वाटेत येते. फक्त तिथला उपाय ट्राम मारायचा नव्हता, जमिनीखाली घालायचा होता. ऐकायला किती आधुनिक! पण स्वित्झर्लंडमध्ये एवढा खर्च करायचा तर लोकांचं मत घ्यावं लागतं. १९६२ मध्ये मतदान झालं आणि लोकांनी ही योजना फेटाळली. मग भुयारी रेल्वेची त्याहून मोठी योजना आली. १९७३ मध्ये तीही फेटाळली. नुसतं ‘नाही’ म्हणून लोक थांबले नाहीत. नागरिकांनीच प्रस्ताव आणला: वीस कोटी फ्रँक खर्च करा, पण जमिनीखाली नाही, रस्त्यावर, आणि ट्राम-बस अडणार नाहीत अशी व्यवस्था करा. शहराच्या कारभाऱ्यांना हे पसंत नव्हतं. १९७७ मध्ये तो मतदानाने मंजूर झाला.

मग जे झालं ते वाचून माझ्यातला इंजिनिअर खूश झाला. त्यांनी रस्त्यात तारेची वेटोळी पुरली. त्यावरून ट्राम गेली की सिग्नलला कळतं, ट्राम येतेय, आणि ती चौकात पोचेपर्यंत दिवा हिरवा होतो. नवीन बोगदा नाही, उड्डाणपूल नाही. होती तीच ट्राम, फक्त तिला कोणी अडवायचं नाही. मुंबईच्या ट्रामवर आरोप काय होता? मध्येच उभी राहून अडवते. झुरिकने विचारलं, ती उभी का राहते? तिच्यापुढे मोटार आहे म्हणून.

नुसता गौरव करून उपयोग नाही, हेही सांगतो. १९५० च्या दशकातलं मुंबई आणि झुरिक एका मापाने मोजणं बरोबर नाही. फाळणीनंतर लाखो माणसं मुंबईत आली होती, पैसा नव्हता, आणि मुंबईकडे लोकल होती, १९२५ पासून विजेवर धावणारी. लांबच्या प्रवासाचा भार लोकलने उचलला म्हणून ट्राम गेल्याचं दुखणं कमी जाणवलं. बेस्टने विजेचा नाद एकदम सोडलाही नव्हता. १९६२ मध्ये गोवालिया टँक ते माझगाव डॉक अशी वरच्या तारेवर चालणारी ट्रॉलीबस सुरू केली होती. ती १९७१ मध्ये बंद झाली. आज आपण पुन्हा विजेच्या बस घेतोय, हा विषय कधीतरी वेगळा घेऊ.

आजोबांना मी विचारलं, ट्राम गेल्यावर काय फरक पडला? मला वाटलं काहीतरी भावुक ऐकायला मिळेल. ते म्हणाले, ‘काही नाही. बसला पैसे जास्त पडायचे. महिनाअखेरीला चालत जायचो.’ नायगाव ते लालबाग, आठ तास साच्यांपुढे उभं राहून परत चालत. हे कुठल्या अहवालात आलं असेल? चालणारा माणूस कुठल्याच आलेखात दिसत नाही. तो ट्रामचा प्रवासी राहिला नाही, बसचाही झाला नाही. माझ्या एसएमएसवाल्या दुकानदारांसारखाच तो मोजणीतून गळला.

सप्टेंबर २०२३ मध्ये बेस्टची शेवटची डिझेलवरची दुमजली बस निवृत्त झाली, तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. हार, फुगे, सेल्फी, डोळ्यांत पाणी आलेली माणसं. मीही फोटो काढले. लंडनमध्ये जुलै १९५२ मध्ये शेवटचा ट्राम-आठवडा असाच साजरा झाला होता, खास तिकिटं छापून. निरोप द्यायला गर्दी होते. रूळ बदलायचे की नाही यावर चर्चा होते तेव्हा त्या खोलीत फार तर दहा माणसं असतात, आणि त्यांच्यापुढे कोणीतरी काढलेला एक आलेख.

काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीचं काम चालू असताना जमिनीखालून ट्रामचे जुने रूळ निघाले. म्हणजे सगळे उखडलेही नव्हते, काही नुसतेच पुरले होते. आमच्या भाषेत बोलायचं तर कोड काढलं नाही, कमेंट करून ठेवलं.

आणि हे सगळं इतिहासजमा झालंय असंही नाही. कोलकात्यात १८७३ मध्ये ट्राम आली, मुंबईच्याही आधी. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलं की एस्प्लनेड ते मैदान एवढा वारसा-मार्ग ठेवून बाकीची ट्राम बंद करणार. कारणं तीच: रस्ते अरुंद, वाहतुकीला अडथळा, प्रवासी कमी. प्रवासी कमी का झाले, गाड्या किती उरल्या होत्या, किती मार्ग आधीच मोडीत काढले होते, हे विचारणारे लोक तिथे आहेत आणि प्रकरण हायकोर्टातही गेलं. पुढचा भाग त्यावरच करणार आहे.

तोवर एक काम करा. घरात कोणी आजी-आजोबा मुंबईच्या ट्रामने गेलेले असतील तर त्यांना विचारा, कुठून कुठे जायचात, किती पैसे पडायचे आणि ट्राम बंद झाल्यावर कसे जायला लागलात. तिसरा प्रश्न नक्की विचारा. उत्तर आवाजात रेकॉर्ड करून पाठवलंत तर पुढच्या भागात लावू. आजोबांचं रेकॉर्डिंग मी केलंय, पण मध्येच त्यांनी टीव्ही लावला.